फळीवरचा फ्रान्सिस
(प्रवासाची दैनंदिनी : हप्ता तिसरा)

सोमवार. रत्नागिरी ते करमळी
गाडी 1 तास 50 मिनिटं उशिरा. चहा 15, वडापाव 20, पुन्हा चहा 15, करमळीहून रिक्षा 150. जुन्या गोव्यात पोहोचेपर्यंत चर्चची दारं बंद. खोलीला ओलसर वास. गुडघा ठणकतोय.

मंगळवार. जुने गोवे
सकाळी सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चमध्ये शिरलो तो दुपारपर्यंत हललो नाही. इमारत 1661 ची. दार मात्र आधीच्या, 1521 च्या चर्चचं, तसंच राखलेलं. वेदीच्या दोन्ही अंगांना लाकडावर रंगवलेले मोठमोठे पट, फ्रान्सिसच्या आयुष्यातले प्रसंग. रंग उतरलेत. एका पटात फळ्यांचा सांधा उकललाय, ती रेघ थेट झग्यावरून खाली गेलीय. टाचा उंचावून बघत होतो. शेजारी कुडाळचे एक म्हातारे सुतारकाका, जन्मभर देव्हारे घडवलेले. म्हणाले, "पावसात फळी फुगता, उन्हात आवळता. रंगान काय करूचा? तो थंयच फुटता."

मग मीच बोलत सुटलो. स्पेनमधल्या कातालुन्यात बाराव्या शतकात वेदीच्या दर्शनी बाजूला अशाच रंगीत फळ्या लावत. सोन्या-चांदीची ऐपत नसलेली डोंगरातली गावं. रंग अंड्यात कालवायचे, आणि कथलाच्या वर्खावर पिवळं रोगण चढवलं की सोन्यासारखं दिसायचं. त्यातल्या बऱ्याच फळ्या आता बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहेत.
काका थोडा वेळ गप्प राहिले. "आठशे वर्सां? थंय आमच्यासारखो पावस नसतलो."
दुपारी त्यांनीच जेवायला नेलं. बांगड्याचं तिखलं, उकडा भात. पैसे देऊ दिले नाहीत.

बुधवार
दिवसभर पाऊस. गाडी नाही, गुडघा आहेच. से कॅथेड्रल पाहिलं. मुख्य वेदी संत कॅथरीनची, तिच्या कथेच्या कोरीव सोनेरी चौकटी. भव्य काम. पण मन कालच्या उतरलेल्या रंगांत.

गुरुवार. रत्नागिरी
गाडी पुन्हा उशिरा. घरी आल्याआल्या आजोबांच्या फणसाच्या देव्हाऱ्यामागे हात घातला. भिंतीकडची फळी ओली. देव्हारा चार बोटं पुढे ओढला.

जुन्या गोव्याला जाल तेव्हा त्या पटांना बोट लावू नका, फ्लॅश मारू नका. सुटलेला पोपडा हाताच्या धक्क्यानेही गळून पडतो.