पंधरा तारीख, एक वाजून दहा मिनिटं

साताऱ्याच्या शाळेत मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. रेखावृत्तं आणि प्रमाणवेळ हे माझे हुकमी धडे. त्यामुळे २०१८च्या जूनमध्ये नातीच्या बारशाला न्यू जर्सीला जायचं ठरलं, तेव्हा प्रवासाचं खातं मी आपसूकच माझ्याकडे घेतलं.

तिकिटावर होतं : मुंबई १५ जून, ०१:१०, न्यूअर्क १५ जून, ०७:३०.

हिनं बोटं मोजली. "सहा तास वीस मिनिटं? एवढा वेळ तर आपल्याला मुंबई गाठायला लागतो!"

मी वर्गात हसायचो तसा हसलो आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर गणित मांडलं. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्वेची, त्यांची ७५ पश्चिमेची. मध्ये १५७.५ अंश. अंशाला चार मिनिटं, म्हणजे साडेदहा तास. उन्हाळ्यात ते लोक घड्याळ तासभर पुढे करतात, म्हणून साडेनऊ. ते सहा-वीसमध्ये मिळवले की पंधरा तास पन्नास मिनिटं. साडेबारा हजार किलोमीटर, एका दमात. या उत्तराला मी आजही पैकीच्या पैकी देईन.

"बरं," ही म्हणाली, "पण रात्री एकचं विमान म्हणजे चौदालाच निघायचं ना?"

"तिकिटावर पंधरा लिहिलंय." मी मानही वर केली नाही. उत्तराखाली दुहेरी रेघ ओढत होतो.

पंधराला दुपारी निघालो. सव्वासहाला खंडाळ्याच्या घाटात जावयांचा फोन. "बाबा, कुठे आहात? सगळे प्रवासी बाहेर आले."

"अहो, इतक्या लवकर कशाला गेलात विमानतळावर? आम्ही आत्ता घाटात आहोत."

पलीकडे शांतता. मग त्यांनी, जावयाला शोभेल इतक्या हळू आवाजात, तारीख वाचून दाखवली. विमान उतरून सव्वा तास झाला होता, हे मी तेवढ्यातही मोजलं. खोड, दुसरं काय.

घाटात गाडी वळवता येत नाही. खोपोलीपर्यंत उतरावं लागलं. तोवर ही गप्प. टपरीवर चहा आला तेव्हा एवढंच म्हणाली, "बारसं उद्याच करतील ना?"

ते पुढे ढकलणं शक्य नव्हतं, हॉल ठरला होता. जुनी तिकिटं बुडाली. मिळाली ती नवी अठराची, वेळ तीच, आणि त्यांत माझी चार महिन्यांची पेन्शन गेली.

त्यांच्या सोळाच्या संध्याकाळी सहाला बारसं लागलं, तेव्हा साताऱ्यात सतराची पहाट, साडेतीन. बॅगेच्या तळाशी ठेवलेली पैठणी काढून ही नेसली होती. मोबाइल डब्याला टेकवून उभा केला होता. तिकडे पाळणा हलला की इकडे हिचा हात हलायचा. नाव काय ठेवलं ते मला पहिल्यांदा नीट ऐकूच आलं नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो.

कार्यक्रम संपला, तिनं पैठणीची घडी घालून पुन्हा बॅगेत ठेवली. दुपारी तीनला निघायचं होतं. सकाळी सातला दोन्ही बॅगा दाराशी होत्या आणि तिकिटं हिच्या पर्समध्ये. मी मागितली नाहीत.