परवानाधारक

माझं गाव जांब समर्थ, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली रामनवमीला इथे झाला, म्हणून बाहेरच्या लोकांना गावाचं नाव माहीत असतं. आम्हा गावातल्या पोरांना मात्र लहानपणापासून सगळ्यात जास्त कळायचं ते पाणी. नळ कधी सुटणार, मोटर कुणाची चालू आहे, हौदात किती उरलंय, याच्यावर घरातली निम्मी बोलणी चालायची. २०१२-१३ च्या दुष्काळात मी शाळेत होतो. त्या उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. पोटच्या लेकरासारखी वाढवलेली झाडं माणसांनी कुऱ्हाड लावून सरपणाला काढली. पाण्याशी संबंधित काहीतरी शिकायचं, हे तेव्हापासून डोक्यात होतं. काय शिकायचं ते ठरत नव्हतं.

दहावीनंतर माझ्या बरोबरीची पोरं पोलीस भरतीच्या तयारीला लागली. मी आयटीआयचा अर्ज भरला आणि प्लंबर ट्रेड घेतला. एक वर्षाचा कोर्स. माझ्या वडिलांना, अण्णांना, ते पटलं नव्हतं. “पाइप जोडायला शाळा कशाला लागतीय? आपला मोटारवाला न शिकता जोडतोय की,” असं ते म्हणाले. त्यांचं म्हणणं गावाच्या दृष्टीने चूक नव्हतं. गावात नळाचं काम येतं तेव्हा ते कुणीही करतो: गवंडी करतो, मोटर भरणारा करतो, नाहीतर घरचा पोरगा सायकलची ट्यूब गुंडाळून गळती थांबवतो.

आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये सुरुवातीला बरेच दिवस फक्त चुडी, म्हणजे पाइपवर आटे, पाडायला लावली. जीआय पाइप शिकंज्यात आवळायचा, हॅक्सॉने काटकोनात कापायचा, मग डाय लावून थोडं पुढे, थोडं मागे, मधूनमधून तेल. मागे फिरवलं नाही तर कीस अडकतो आणि आटे तुटतात. अर्ध्या इंची पाइपवर एका इंचात चौदा आटे बसतात. कापलेल्या तोंडाशी आत जी धार राहते ती रीमरने काढायचीच. ती राहिली तर पाइपचं तोंड बारीक होतं, तिथे गंज आणि क्षार धरतात आणि काही वर्षांनी मालक म्हणतो, नळाला धार येत नाही. पाइपवरच्या पट्ट्यांचा अर्थही तिथेच कळला. पिवळी पट्टी हलका, निळी मध्यम, लाल जड. दुकानदार काय देतोय आणि बिलात काय लिहितोय, हे तेव्हापासून पट्टी बघून ओळखायला लागलो.

कोर्स झाल्यावर पुण्यात एका ठेकेदाराकडे लागलो. तिथले मुख्य मिस्त्री, आमचे उस्ताद, ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्याचे होते. पुण्या-मुंबईच्या मोठ्या बांधकामांवर जो गेलाय त्याला हे नवीन वाटणार नाही. देशभर प्लंबिंग करणारी माणसं त्या जिल्ह्यातून पिढ्यान्‌पिढ्या येतात, आणि तिथल्या पट्टामुंडाईत प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. आमच्या उस्तादांचे वडील, चुलते सगळे याच कामात. मराठी त्यांना कळायची, बोलायचे हिंदीत. हातात पाना देण्याआधी त्यांनी मला नहाणी ट्रॅपमध्ये पाणी ओतायला लावलं आणि विचारलं, हे पाणी इथे का थांबलंय?

त्या प्रश्नातून सगळं ड्रेनेज त्यांनी मला समजावलं. ट्रॅपच्या वाकात जे पाणी उभं राहतं तेच गटारातला वायू आणि किडे घरात येऊ देत नाही. साधारण दोन इंच उंचीचं ते पाणी, बस. पण वरच्या मजल्यावरून एकदम बादलीभर पाणी सुटलं आणि पाइपला हवा घ्यायला जागा नसली, तर ते जाता जाता खालच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतं. म्हणून व्हेंट पाइप गच्चीच्या वर उघडा न्यायचा. तो दिसायला वाईट म्हणून कापून टाकणारे मालक मी पुढे बरेच पाहिले, आणि “बाथरूमला वास का येतो” म्हणून तेच बोलावतात. उताराचंही तसंच. चार इंची लाइनला चाळीस फुटांना एक फूट, सहा इंचीला साठाला एक. उतार कमी दिला तर घाण तळाशी बसते, फार जास्त दिला तर पाणी पुढे पळतं आणि घाण मागे राहते. उस्ताद हे सगळं पाणसळ ठेवून तपासायचे. डोळ्याचा अंदाज त्यांनी आयुष्यभर बरोबर काढला असेल, तरी पाणसळ लावल्याशिवाय पाइप बुजवू द्यायचे नाहीत.

त्यांनी आणखी एक गोष्ट पक्की बजावली होती. सेप्टिक टँकमध्ये किंवा खोल चेंबरमध्ये उतरायचं नाही, कुणी किती पैसे देऊ केले तरी. आतला वायू दिसत नाही आणि एक श्वास पुरतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला अशा सफाईला उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. नव्याने या धंद्यात येणाऱ्या प्रत्येक पोराला मी हे पहिल्या दिवशी सांगतो.

अनुभवाची वर्षं भरल्यावर मी महापालिकेच्या परवान्यासाठी अर्ज केला. आयटीआयचं प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला, ओळखपत्रं, फी. प्रत्येक महापालिकेची पद्धत थोडी वेगळी असते आणि मुदत संपली की परवान्याचं नूतनीकरण करावं लागतं. परवाना नसला तरी नळ बदलता येतो, गीझर जोडता येतो. पण नवीन नळजोडणीच्या अर्जावर आणि इमारतीच्या ड्रेनेजच्या दाखल्यावर परवानाधारक प्लंबरची सही लागते. ही तरतूद आजकालची नाही. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातही प्लंबरच्या परवान्याचा उल्लेख आहे.

इतक्या जुन्या काळी सरकारला प्लंबरवर लक्ष ठेवावंसं का वाटलं असेल, याचं उत्तर मला कामावर मिळालं. आपल्याकडे चोवीस तास पाणी फार थोड्या ठिकाणी येतं. नळ गेला की जमिनीखालच्या पाइपमधला दाब उतरतो. तेवढ्यात कुणी जोडणीवर थेट मोटर लावली तर पाइपात पोकळी तयार होते, आणि जिथे सांधा ढिला असेल तिथून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. त्या सांध्याशेजारून गटार जात असेल तर दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन बादल्या गढूळ येतात आणि आठवड्याभरात गल्लीत जुलाब सुरू होतात, काही आठवड्यांनी कावीळही. ज्याच्या घरचा सांधा ढिला आहे, तोच आजारी पडेल असं नाही. पुढच्या चार घरांतली लेकरं पडतात. म्हणून पिण्याच्या पाण्याची लाइन गटारापासून लांब न्यायची, दोन्ही एकमेकींना ओलांडत असतील तर पाण्याची वरून घ्यायची. मेन लाइनवर मोटर लावायची नाही. आधी जमिनीतल्या टाकीत पाणी घ्यायचं, तिथून ते मोटरने वर चढवायचं. एका घरातल्या कामाचा परिणाम अख्ख्या गल्लीवर होतो, म्हणून त्या कामाला जबाबदार असा एक माणूस नावानिशी लागतो. परवान्याचा अर्थ मी एवढाच समजतो, आणि मला तो फार मोठा वाटतो.

परवाना मिळाल्यावर पहिल्यांदा सही करायची वेळ आली ती एका दुमजली घराच्या कामावर. मालकांना फरशी बसवायची घाई होती. मी सगळी सीपीव्हीसी लाइन पाण्याने भरली, हवा काढली, तोंडं बंद केली आणि टेस्टिंग पंपाने दाब चढवून रात्रभर ठेवला. सकाळी गेजचा काटा खाली आलेला. भिंतीवर कुठे ओल नाही. एकेका सांध्याला कोरडा कागद लावत गेलो, तर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या एल्बोपाशी कागद ओला झाला. सोल्यूशन लावलं होतं, पण पाइप तळापर्यंत बसला नव्हता. तो तुकडा कापला, नवा टाकला, सोल्यूशन वाळायला पूर्ण वेळ दिला, पुन्हा दाब चढवला. काटा जागचा हलला नाही तेव्हा सही केली. एक दिवस उशीर झाला म्हणून मालक नाराज होते. मी त्यांना तो कापलेला एल्बो दाखवला आणि ही गळती टाइल्सच्या मागे गेली असती तर काय झालं असतं ते सांगितलं. पुढे त्यांच्या भावाच्या घराचं कामही माझ्याकडेच आलं.

आता गावी जातो तेव्हा हेच काम तिथेही दिसतं. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. घराघरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, हे त्याचं उद्दिष्ट. पाइप टाकणं एकदाच होतं. व्हॉल्व्ह बंद-चालू करणं, गळती शोधणं, फुटलेला सांधा बदलणं हे कायमचं. त्यासाठी ‘नल जल मित्र’ म्हणून गावातल्याच तरुणांना तयार करण्याचा कार्यक्रमही आहे. मराठवाड्यासारख्या भागात, जिथे पाणी लांबून आणि महाग येतं, तिथे एका सांध्यातून रात्रंदिवस ठिबकणारं पाणी म्हणजे कुणाच्या तरी घागरीतलं पाणी. भरतीच्या वयात नुसतं वाट बघत बसलेल्या आमच्याकडच्या पोरांनी या कामाकडे वळावं, असं मला मनापासून वाटतं. अण्णाही आता पाहुण्यांना सांगतात, “आमचा पोरगा परवानाधारक हाय.”

नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझं सांगणं थोडकं आहे. आयटीआयचा दाखला घ्या, त्यानंतर चांगल्या मिस्त्रीच्या हाताखाली राहा, कारण उतार आणि सांधा पुस्तकात अर्धेच कळतात. स्वतःचे पाने घ्या, भले दोनच असोत, पण चांगल्या प्रतीचे. अनुभवाचे दाखले त्या त्या वेळी लेखी मागून ठेवा, पुढे परवान्याला तेच लागतात. दाबाची चाचणी झाल्याशिवाय भिंत बुजवू देऊ नका. आणि बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, कोणता पाइप जमिनीपासून किती उंचीवरून गेलाय याचा साधा नकाशा काढून मालकाला द्या, खाली तारीख आणि आपलं नाव लिहा. पंधरा वर्षांनी कुणी त्या भिंतीत खिळा ठोकायला निघेल किंवा दुसरा प्लंबर गळती शोधायला येईल, तेव्हा त्याला भिंत फोडत बसायला लागू नये.