कुंभोजच्या शिवारात दोन दिवस

मुलांची सहामाही परीक्षा संपली होती, दिवाळीला अद्याप अवकाश होता आणि आश्विनातला एक शनिवार-रविवार मोकळा मिळाला. मुलगा व सूनबाई आपापल्या कामात गुंतलेले. तेव्हा आठ वर्षांची नात आणि पाच वर्षांचा नातू यांना घेऊन आम्ही उभयतांनी कुंभोजला जाण्याचे ठरविले. बाहुबलीचे दर्शन हे एक निमित्त. दुसरे असे की, नोकरीत असताना मी तीन वर्षे त्या भागातील एका शाखेत होतो. तेथील एक शेतकरी खातेदार माझ्या निवृत्तीनंतरही दरवर्षी फोन करून 'साहेब, पोरांना घेऊन रानात या' असे आग्रहाने सांगत. मी मात्र 'पुढच्या वर्षी नक्की' असे म्हणत सात वर्षे काढली होती.

पुण्याहून पहाटे निघालो. कराड मागे पडले, वारणा ओलांडली, वाठारला महामार्ग सोडून वडगावमार्गे हातकणंगल्याकडे वळलो, आणि गाडीचा वेग व आमचे आवाज दोन्ही आपोआप उतरले. पाऊस नुकताच परतला होता. दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्यावरून जाणारा ऊस, मध्येच एखाद्या शिवारात सोयाबीनची मळणी, तर कोठे रस्त्याच्या कडेलाच ताडपत्रीवर पसरलेले धान्य. सकाळी गवतावर दव होते. अकरा वाजता तेच ऊन पाठीला चटका देऊ लागले.

बाहुबलीची २८ फुटी संगमरवरी मूर्ती १९६३ साली येथे उभी राहिली. येथील ब्रह्मचर्याश्रम त्याहून जुना, आचार्य समंतभद्र महाराजांनी स्थापन केलेला. परिसरात सम्मेदशिखर, गिरनार, पावापुरी इत्यादी सिद्धक्षेत्रांच्या प्रतिकृती आहेत. लहान मुलांना भूगोल आणि धर्म एकत्र शिकविण्याची एवढी चांगली सोय मला अन्यत्र आढळली नाही. नातवाचे लक्ष मात्र मूर्तीच्या पायांवर चढलेल्या वेलींकडे होते. भगवान बाहुबली वर्षभर एकाच जागी ध्यानस्थ उभे राहिले, म्हणून वेली चढल्या, असे मी सांगितले. ''मग त्यांना मुंग्या चावल्या नाहीत?'' असे त्याने विचारले. ''चावल्या असतील, त्यांनी झटकल्या नाहीत,'' हे उत्तर माझ्या आधी आमच्या सौ.ने दिले.

कुंभोज हे कर्मवीर भाऊराव पाटील यांचे जन्मगाव. १८८७ साली येथे जन्मलेल्या या जैन कुटुंबातील मुलाने पुढे १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. आपल्या समाजात दानशूरांची नावे पाठ असतात, त्या मानाने हे नाव घरातील मुलांच्या कानी फार कमी पडते, ही माझी जुनी तक्रार आहे.

दुपारी शेतावर पोहोचलो. घर रानातच. यजमानांच्या मातोश्री वयाने ऐंशीच्या पुढे. त्यांनी उकडलेल्या शेंगांचे ताट मुलांपुढे ठेवले. नातवाने मूठ भरली. नातीने समोरच्या वाफ्यात उपटून ठेवलेले मातीने माखलेले वेल पाहिले आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

''आजी, आम्ही जैन आहोत. जमिनीखालचे खात नाही.''

आजींचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्या हसल्या. ''आम्ही बी जैनच हाय, बाळ.''

नात माझ्याकडे वळली. घरी ती दाण्याची चटणी रोज खाते; पण ते दाणे सोललेले, पुडीतले. ते मातीतून येतात हे तिला त्या क्षणी कळले होते. ''आजोबा, तुम्ही मला सांगितले नाहीत!'' तिच्या डोळ्यांत पाणी आले. पाठशाळेत नियम घेतलेल्या मुलीला आपल्याच घरातील मोठ्यांनी फसविले, असे तिला वाटत होते. मी म्हणालो, ''अगं, शेंगा चालतात.'' ''का चालतात?'' माझ्याजवळ उत्तर नव्हते. भुईमुगाच्या पीककर्जाचे शेकडो अर्ज मी मंजूर केले. सातबारा पाहिला, क्षेत्र पाहिले, हप्ते पाहिले. स्थळपाहणीचे अहवालही लिहिले. यजमान हळूच म्हणाले, ''साहेब तवा बांधावरनंच बघून जायचे.'' ते खरे होते.

आजींनी नातीचा हात धरून तिला उशिरा पेरलेल्या कडेच्या सरीत नेले. एकदोन पिवळी फुले अजून शिल्लक होती. त्यांनी एक वेल अलगद उपटला. ''हे बघ फूल. हे वर फुलतंय. सुकलं की हितनं ही आरी सुटती, खाली वाकती, मातीत शिरती, आन् टोकाला शेंग धरती. मूळ ते हिकडं, निराळं.'' हिरवट, सुईसारखी आरी फांदीच्या पेरातून निघून खाली गेलेली स्पष्ट दिसत होती. शेंगा तिच्या टोकाला होत्या. मुळाला एकही नव्हती. म्हणजे जमिनीखाली वाढते ते मूळही नव्हे, कंदही नव्हे. ते फुलाचे फळ. मुळावर बारीक गाठी होत्या, त्याही नातीने विचारल्या. त्यांतील जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, म्हणून भुईमुगानंतरचे पीक चांगले येते, असे यजमानांनी सांगितले.

''पण उपटताना किडे मरत नाहीत?''

मला वाटले, आता आजींना अवघड जाईल. त्या म्हणाल्या, ''मरत्यात की. म्हणून तर रोज सांजेला हात जोडून बसायचं.'' आणि उघड्या पडलेल्या एका गांडुळावर त्यांनी बोटांनी माती सारली. आपल्या पेढीवर पोते येते तेव्हा ही माती झटकलेली असते. त्यामुळे हा प्रश्न आपल्याला विचारणारे कोणी नसते.

नात बराच वेळ काही बोलली नाही. या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून जेवण उजेडातच झाले: ज्वारीची भाकरी, कांद्याविना झुणका, घेवड्याची भाजी, दही आणि लसणाविना दाण्याची चटणी. चटणीचे भांडे फिरत तिच्यापर्यंत आले. तिने आधी आजींकडे पाहिले, मग थोडी वाढून घेतली. माझ्याकडे पाहिले नाही. रात्री अंधाराला घाबरून नातू सौ.च्या कुशीत शिरला. नात आजींच्या घोंगडीवर, त्यांच्याजवळ झोपली.

रविवारी निघताना यजमानांनी शेंगांची पिशवी गाडीत ठेवली. मी पैसे देऊ केले, ते त्यांना आवडले नाही, आणि मलाही नंतर ओशाळल्यासारखे झाले. नातीने मात्र वेगळेच मागितले: फूल, आरी, शेंगा आणि मूळ असलेला एक अख्खा वेल. तो पाठशाळेतील बाईंना दाखवायचा होता. साताऱ्यापर्यंत तो तिच्या मांडीवर होता. सीटवर माती सांडत होती. सौ. झटकू लागली, तेव्हा ती म्हणाली, ''आजी, थांब. आधी बघू दे, त्यात कोणी आहे का.''