गाडी रात्रभर उभीच असते

दिवाळी अंकासाठी लेख मागताना संपादकांनी विचारलं, "महाराष्ट्रात आणखी किती चार्जिंग स्टेशनं लागतील?" हा प्रश्न मला सगळीकडे ऐकू येतो. मी वीजवितरणातला माणूस. माझ्या मनात आधी दुसराच प्रश्न येतो: ती स्टेशनं कोणत्या डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या कोणत्या ट्रान्सफॉर्मरवर बसवणार?

60 किलोवॅटचा एक जलद चार्जर थ्री फेजवर सुमारे 90 अँपियर ओढतो. गल्लीतला 200 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आधीच घरं, दुकानं, पिठाची गिरणी, लिफ्ट आणि एसी वाहत असतो. त्यावर असे दोन चार्जर चढवायचे म्हटलं की भार वाढवून घेणं आलं, जाड केबल आली, रस्ता खोदायची परवानगी आली. यंत्र ट्रकमधून एका दिवसात उतरतं, या बाकीच्या गोष्टींना महिने जातात. शिवाय दिवसभरात दोनच गाड्या आल्या तरी स्थिर आकार पूर्ण भरावा लागतो. महामार्गावरचे चार्जर बंद का दिसतात, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

एप्रिल 2018 मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केलं की चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे. परवान्याचा मोठा अडसर त्याने गेला. पण त्याआधीच 15 किलोवॅटचे 'भारत डीसी-001' चार्जर बसू लागले होते. पुढे मोटारी सीसीएस-2 हे वेगळं सॉकेट घेऊन आल्या आणि त्या चार्जरांपुढे गाडी उभी राहीना.

जलद चार्जर हवेतच. बस, टॅक्सी, लांबचा प्रवास यांना पर्याय नाही. 2024 च्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत सार्वजनिक चार्जिंगसाठी 2,000 कोटी ठेवले, ते योग्यच झालं. माझा वाद आहे तो घरगुती मोटारींसाठीही जलद चार्जरच मागण्याशी. हा हिशेब मी जिथे जातो तिथे मांडतो, इथेही मांडतो. रोज 40 किलोमीटर चालणाऱ्या मोटारीला साधारण 7 युनिट लागतात. साध्या 16 अँपियरच्या पॉइंटवर, 3.3 किलोवॅटने, दोन तासांचं काम. अशा 20 गाड्या रात्री आठला एकदम लावल्या तर 66 किलोवॅट, म्हणजे एका जलद चार्जरपेक्षा थोडा जास्त भार. त्याच गाड्या बारा ते सहामध्ये पाळीपाळीने लावल्या तर 24 किलोवॅटमध्ये भागतं. गाडी रात्रभर पार्किंगमध्ये उभीच असते. आपल्याकडे वेळ भरपूर आहे, वीज वाहून नेणारी तार तोकडी आहे. मग वेळ का वापरायचा नाही?

घरच्या चार्जिंगचा विषय निघाला की नाशिकची एक सोसायटी मनातून जात नाही. एका सभासदाने गाडी घेतली, पॉइंट बसवला, आणि चार्जरवर लाल दिवा. कंपनीचा माणूस येऊन गेला, गाडीत दोष नव्हता. मी न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर लावला: 30 व्होल्टच्या वर. तिथे दोन-तीन व्होल्टच्या पुढे काटा जायला नको. अर्थिंगचा पिट शोधला तर त्यावर पेव्हर ब्लॉक बसवलेले. ते उचलल्यावर आत एप्रिलची कोरडी माती आणि पट्टीच्या बोल्टवर हिरवी भुकटी. वर्षानुवर्षं कोणी तांब्याभर पाणी ओतलं नव्हतं. चार्जरने सुरू व्हायला नकार दिला, म्हणून हा धोका उघड झाला. त्याच अर्थिंगवर लिफ्ट, पंप आणि साठ घरांचे गिझर चालू होते.

कमिटीने मात्र ठराव केला तो चार्जिंग बंदीचा, 'आगीचा धोका' म्हणून. लोक गाडीला घाबरतात आणि मीटररूमकडे पाहत नाहीत, याचा मला मनापासून त्रास होतो. 2019 मध्ये दुरुस्त केलेल्या आदर्श इमारत उपविधींत नव्या इमारतींतल्या 20 टक्के पार्किंगला चार्जिंगची तरतूद सांगितली आहे. पण आपली बहुतेक माणसं जुन्या इमारतींत राहतात आणि तिथे निर्णय सेक्रेटरीच्या टेबलावर होतो.

त्या सोसायटीला मी दोन कागद दिले आहेत: नव्या दोन पिटांचा अंदाजित खर्च आणि रात्रीच्या पाळ्यांचा भारतक्ता. बंदी उठो न उठो, पिटांचं काम पावसाळ्याची वाट न बघता करा, असं त्यावर लिहिलं होतं. पावसाळा गेला, काम अजून झालेलं नाही. येत्या सर्वसाधारण सभेला मी जाणार आहे.