न आलेल्या बाईची नोंद

स्त्रियांच्या प्रजनन आरोग्यावरचे संशोधन दोन ठिकाणी चालते. एक रुग्णालयात, जिथे बाई दुखणे घेऊन स्वतः येते. दुसरे गावात, जिथे संशोधकाला तिच्या उंबऱ्यापर्यंत जावे लागते. रुग्णालयातली मोजणी सोपी, पण ती आलेल्यांचीच असते. लाजेपायी, एसटीच्या भाड्याअभावी किंवा घरातून परवानगी न मिळाल्याने जी आली नाही, ती त्या मोजणीत नसते. आणि प्रजननाच्या आजारांत न येणाऱ्याच जास्त असतात. म्हणून या शाखेत कोणताही दर काढताना अंशापेक्षा छेद मिळवणे अवघड जाते. आजारी किती, हे कळते. किती जणींपैकी, हे कळत नाही. हा छेद मिळवण्याचे कसब अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत घडत गेले.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. नेवासा तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना, बरे करून घरी पाठवलेले रुग्ण तेच दुखणे घेऊन परत येतात, हे त्यांनी पाहिले. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० मध्ये जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू झाला. तालुका अवर्षणप्रवण, पुढे दोनच वर्षांत १९७२ चा दुष्काळ आला. गावोगावी शिकलेल्या परिचारिका नेमण्याचा पहिला बेत टिकला नाही. परक्या गावात एकट्या तरुण मुलीला राहणे कठीण होते आणि गावातल्या बायकाही तिच्यापाशी मोकळेपणाने बोलत नव्हत्या. त्यानंतर गावानेच आपल्यातली एखादी बाई निवडायची, असे ठरले. निवडल्या गेलेल्यांत निरक्षर, दलित, नवऱ्याने टाकलेल्या अशा अनेक जणी होत्या. त्या ठरावीक दिवशी जामखेडला येत, शिकत आणि शिकलेले गावात वापरून पुढच्या खेपेला अडचणी घेऊन परतत.

त्यांच्या शिक्षणातला पहिला धडा गरोदरपण वेळेवर ओळखण्याचा आणि त्याची तारीख बांधण्याचा असतो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाचा अंदाजे दिवस निघतो. नियम एका ओळीचा, पण ज्या घरात कॅलेंडर पाहून पाळी लक्षात ठेवत नाहीत तिथे तारीख विचारून उपयोग नसतो. सण, बाजार आणि शेतीची कामे यांच्या आधाराने ती काढावी लागते: नागपंचमीला बाजूला बसली होतीस का, पोळ्याला होतीस का, बाजरीच्या काढणीला काय स्थिती होती? अंगावर पाजणाऱ्या बाईला पाळी येण्याआधीच दिवस गेले असतील, तर हाही मार्ग बंद होतो. तेव्हा हाताने पोट पाहावे लागते. गर्भाशयाचा वरचा काठ बेंबीशी लागला तर साधारण वीस आठवडे, छातीच्या हाडाच्या टोकाशी पोचला तर साधारण छत्तीस. तारीख नीट बांधलेली नसेल, तर नंतरचे मूल वेळेआधी जन्मले की वेळेवर जन्मून खुरटे राहिले, हे कोणत्याही संशोधकाला सांगता येत नाही.

दुसरा धडा जन्म-मृत्यूच्या नोंदीचा. इथे चूक होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. जन्मून एखाद-दुसरा श्वास घेऊन गेलेले बाळ ‘मेलेलेच जन्मले’ म्हणून सांगितले जाते. श्वास, हृदयाचे ठोके, नाळेची धडधड किंवा हातापायांची हालचाल यांपैकी एक जरी खूण दिसली, तरी तो जिवंत जन्म आणि मागाहून झालेला मृत्यू म्हणून लिहायचा असतो. म्हणून बाळंतपणाला हजर असलेल्या सुईणीला ‘बाळ कसे होते?’ असे न विचारता ‘रडले का, हलले का?’ असे विचारावे लागते. पहिले बाळंतपण माहेरी होते. ते सासरच्या गावात लिहायचे की माहेरच्या, हे आधी ठरलेले नसेल तर तेच बाळ दोनदा मोजले जाते, नाहीतर दोन्हीकडून निसटते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचे तर आणखीच अवघड. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते, परतते ती उन्हाळा लागल्यावर. मधल्या काळातली बाळंतपणे कोपीवर होतात आणि गावच्या वहीत त्यांची ओळ कोरी राहते.

जमलेली नोंद वाचणे हा वेगळा भाग. १९७१ मध्ये जामखेडच्या परिसरात हजार जिवंत जन्मांमागे १७६ अर्भके पहिला वाढदिवस पाहत नव्हती आणि गरोदरपणातली तपासणी शंभरात एकीलाही मिळत नव्हती. नव्वदच्या दशकात अर्भकमृत्यूचा आकडा ३० च्या खाली आला आणि तपासणी जवळजवळ प्रत्येक गरोदर बाईपर्यंत पोचली. मात्र असा दर एका गावात पाहता येत नाही. हजार वस्तीच्या गावात वर्षाला चाळीस जन्म धरले, तर १७६ च्या दराने सात मृत्यू होतात आणि २५ च्या दराने एक. या गावात एक मृत्यू कमी-जास्त झाला, की दर एकदम पंचवीसने हलतो. तेव्हा एका वर्षाच्या आकड्यावरून कार्यकर्तीला शाबासकी द्यायची नसते आणि तिला बोलही लावायचा नसतो. अनेक गावे आणि अनेक वर्षे एकत्र केल्यावरच कल दिसतो. प्रत्येक मृत्यूची चौकशी मात्र स्वतंत्रपणे, त्या घरी बसून करायची असते.

आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तरी जामखेडचा परिणाम खरा किती, हा प्रश्न पुरस्काराने सुटणारा नव्हता. कारण त्या काळात सगळीकडेच मृत्यू कमी होत होते. प्रकल्पातली गावे आणि प्रकल्पाबाहेरची गावे यांची तुलना करणारा अभ्यास २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. अशा अभ्यासाचा पाया म्हणजे आईने सांगितलेला सगळ्या बाळंतपणांचा इतिहास. तो घेताना ‘मुले किती?’ एवढ्यावर थांबले, तर जिवंत आणि घरात असलेलीच मुले सांगितली जातात. नांदायला गेलेली मुलगी, गेलेली मुले आणि पडलेले गर्भ, यांतल्या प्रत्येकासाठी वेगळा प्रश्न लागतो, आणि तो सासू समोर नसताना विचारावा लागतो.

गरोदर नसलेल्या बाईच्या आजारांकडे संशोधनाचे लक्ष बरेच उशिरा गेले. त्यातले पायाभूत काम गडचिरोलीचे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली; निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किमान एक आजार होता, प्रत्येकीमागे सरासरी ३.६ आजार निघाले, आणि याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. तक्रार सांगणाऱ्या मात्र साधारण ५५ टक्केच होत्या. अंगावरून पांढरे जाणे, कंबर दुखणे, पाळीत फार जाणे, अंग बाहेर येणे हे बाईच्या जन्माला लागलेलेच आहे, असे धरून चालल्यामुळे उरलेल्या जणी त्याला आजार समजत नव्हत्या. ‘काही त्रास आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असेच उत्तर येते. एकेका त्रासाचे नाव घेऊन, गावात ज्या शब्दाने तो बोलला जातो त्या शब्दाने विचारले, तरच होकार येतो. आणि तपासणीशिवाय तोही पुरेसा ठरत नाही.

वंध्यत्वाच्या बाबतीत छेदाची चूक नेमकी अर्धी असते, कारण पुरुष मोजलाच जात नाही. बारा महिने गर्भनिरोधकाशिवाय नियमित संबंध असून गर्भ राहिला नाही, तर वंध्यत्व धरून तपासणी सुरू करावी, असा वैद्यकीय संकेत आहे. कारण स्त्रीत, पुरुषात किंवा दोघांत असू शकते. वीर्यतपासणी स्वस्त, बिनशस्त्रक्रियेची आणि लवकर होणारी. तरीही पोटात दुर्बीण घालून बाईची तपासणी आधी होते, आणि काही घरांत त्याआधी सवत येते. भारतात गर्भनळ्या बंद होण्यामागे क्षयरोग हे महत्त्वाचे कारण आहे. तो वर्षानुवर्षे लक्षणांशिवाय राहू शकतो. मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेच्या सहकार्यातून, शरीराबाहेर फलन झालेल्या मुलीचा जन्म झाला. हे तंत्र आज जिल्ह्याच्या शहरांपर्यंत आले आहे, पण खर्च मोठा आणि यश अनिश्चित. त्याआधी दोघांची साधी तपासणी आणि जंतुसंसर्गावर वेळेवर उपचार, एवढे काम गावाच्या आवाक्यातले आहे.

जामखेडला लागूनच असलेल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा प्रयोग झाला. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना गावांच्या ५२ समूहांत विभागून चार गट केले. २००९ मध्ये निष्कर्ष आले: या कर्करोगामागच्या विषाणूची चाचणी एकदाच झालेल्या गटात त्याने ३४ मृत्यू झाले, नेहमीच्याच सेवेवर ठेवलेल्या गटात ६४. त्या दुसऱ्या गटाला चाचणीविना ठेवण्यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले. निरोगी बाईने, काही दुखत नसताना, तपासणीला यावे ही अपेक्षा या प्रयोगाच्या मुळाशी होती, आणि घरोघरी जाऊन बोलण्याशिवाय ती पुरी होणारी नव्हती.

नोंदीचा शेवटचा आणि सर्वांत तातडीचा विषय गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील राज्य समितीच्या कामात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांचे सर्वेक्षण झाले. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल दोघांच्या नावावर आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. पाळीत फार जाणे किंवा पांढरे जाणे यांवर औषध घेत थांबायला फडात वेळ नसतो, आणि ‘पुढे कॅन्सर होईल’ या भीतीपुढे बाई तयार होते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे अहिल्यानगर जिल्ह्याचे तालुकेही टोळ्या पाठवतात आणि प्रवरा-गोदावरीकाठचे कारखाने ऊस गाळतात. म्हणून हा प्रश्न शेजारच्या जिल्ह्यापुरता राहत नाही. अशी नोंद उपयोगी पडायची, तर वहीत केवळ ‘पिशवी काढली’ एवढे लिहून चालत नाही. त्या वेळचे वय, मूळ तक्रार, आधी केलेले उपचार, गाठीची किंवा कर्करोगाची तपासणी झाली का, सल्ला कोणी दिला, खर्च कोठून आला आणि बीजकोष ठेवले की काढले, हे सगळे लागते. बीजकोष काढले तर त्याच दिवशी रजोनिवृत्ती येते. ठेवले तरी ती लवकर येण्याचा धोका असतो, आणि हाडे ठिसूळ होण्याची सुरुवात तिथून होते. ही माहिती हंगाम संपून टोळी गावी परतल्यावर, त्याच गावातल्या बाईने घेतली तरच पूर्ण मिळते. त्याच भेटीत, ज्यांची शस्त्रक्रिया झालेली नाही त्यांचीही नोंद घ्यायची असते, कारण तुलना त्यांच्याशीच करायची असते.