देवाचा वाटा

मराठी बायबलाच्या अनुवादकांनी ज्या हिब्रू शब्दासाठी ‘दशमांश’ हा शब्द योजला, त्यात एक श्लेष दडलेला आहे आणि तो मराठीत उतरत नाही. ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात धान्याचा दहावा भाग काढण्याची आज्ञा आहे. तेथे क्रियापद दोनदा आले आहे. वैयाकरणाच्या दृष्टीने ही द्विरुक्ती केवळ आग्रहाची. परंतु तालमूदच्या पंडितांना धर्मग्रंथातले एकही अक्षर वायफळ मानवत नसे. ‘दहा’ आणि ‘श्रीमंती’ यांची मूळ व्यंजने त्या लिपीत सारखीच दिसतात. ‘स’ व ‘श’ यांत भेद करणारा बिंदू पुष्कळ नंतरचा. तेव्हा त्यांनी अर्थ लावला, की दशमांश दे, म्हणजे तू संपन्न होशील. देवाची परीक्षा पाहू नये हा एरवीचा दंडक. पण मलाखी संदेष्ट्याच्या ग्रंथात या एका बाबतीत देव स्वतःच परीक्षेचे आव्हान देतो.

खरे सांगायचे तर हा श्लेष मला प्रथम रुचला नाही. नवसाची सवय असलेल्या आपल्या समाजात अशा व्यवहाराला तोटा नाही, आणि तुकोबांनी नवसाची जी टर उडवली ती मराठी वाचकाच्या अंगी भिनलेली आहे. याकोबाने बेथेल येथे केलेला संकल्प वाचतानाही हेच वाटते : देव पाठीशी राहिला, अन्नवस्त्र मिळाले, सुखरूप घरी परतलो, तर दहावा हिस्सा देईन. हा तर सरळ नवसच.

माझे मत डळमळले ते कोरमंगलात. आमच्या इमारतीत अलिबागकडील एक बेने इस्राएल आजी राहतात. दोन हजार वर्षांपूर्वी नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि त्यातून वाचलेली सात जोडपी म्हणजे आपले पूर्वज, असे हा समाज सांगतो. घाण्याचे तेल काढणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांना कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत. आजींची मराठी आजही तिकडचीच. शुक्रवारी सायंकाळी दिवा लावण्यापूर्वी त्या एका पत्र्याच्या डब्यात पैसे टाकतात. पेन्शन आली की आधी दहावा भाग निघतो. हे दान हिब्रूत ‘त्सेदाका’ म्हणवते. त्या शब्दाचे मूळ न्याय या अर्थाचे आहे, दयेचे नव्हे. दात्याने पाचव्या हिश्शाहून अधिक देऊ नये, अशीही मर्यादा जुन्या धर्मपंडितांनी घातली, नाहीतर उद्या तोच याचक व्हायचा.

काही वर्षांपूर्वी त्यांची बरीचशी ठेव एका पतसंस्थेत बुडाली. मी जरा धीटपणे विचारले, “आजी, मग त्या दहाव्या भागाचे फळ कुठे गेले?” त्या तांदूळ निवडीत होत्या. म्हणाल्या, “अरे, अडकले ते आपले. त्यांचे आधीच पोहोचले होते.”

या उत्तराला तर्काने खोडून काढणे कठीण नाही. मी मनातल्या मनात ते केलेही. तरीपण नवस आणि दशमांश यांतला भेद मला तेथे दिसला. नवस फळानंतर फिटतो. दशमांश फळाआधी निघतो, आणि निघाल्यावर त्याच्यावर आपला हक्क उरत नाही. बेने इस्राएलांच्या घरी मात्र दोन्ही सुखाने नांदतात, हेही सांगितले पाहिजे. मनातली इच्छा पुरी झाली की पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा मलिदा होतो आणि एलियाहू हन्नाबीचे स्मरण केले जाते. कोकणात राहून नवसाविना कोण राहील?

या समाजाचा सर्वांत प्रसिद्ध नवस आमच्या बंगळुरूच्या दारातूनच गेलेला आहे. मैसूर रस्त्यावरील यहुदी दफनभूमी मागे टाकून तसेच पुढे गेले की श्रीरंगपट्टण लागते. कंपनीच्या फौजेतला देशी अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल, हा दुसऱ्या म्हैसूर युद्धात (1780–84) टिपूच्या कैदेत पडला. परंपरा सांगते, की जात विचारल्यावर त्याने ‘बेने इस्राएल’ असे उत्तर दिले; हे नाव टिपूच्या आईला कुराणातून परिचित होते, आणि तिच्या शब्दामुळे त्याचा जीव वाचला. सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधीन, असा त्याचा संकल्प होता. 1796 साली मुंबईत मांडवी भागात ते उभे राहिले. नाव ‘शाआर हा-राहामीम’, दयेचे द्वार. लोकांच्या तोंडी मात्र ‘जुनी मशीद’.

यात ईश्वरी योजना पाहणाऱ्याने पुढचेही पाहावे. तोराची गुंडाळी आणण्यासाठी दिवेकर कोचीनला गेला आणि 1797 मध्ये तिकडेच वारला, असे सांगतात. नवस फेडलेल्या माणसाला आपल्या मंदिरात पुरते एक वर्षही लाभले नाही. आजींना मी हे म्हटले, तेव्हा त्यांना त्यात विसंगत असे काहीच वाटले नाही. मला अजूनही वाटते. मध्य रेल्वेच्या मसजिद स्थानकाचे नाव त्याच मंदिरावरून पडले, असे त्या सांगतात. लग्नापूर्वी त्या रोज तेथेच उतरत असत.