पाण्यामागून जाणारी वाट

दोस्तांनो, मुंबईहून गोव्याला जाताना वाटेत किती गावं लागतात, कधी मोजलीत? पनवेल, महाड, चिपळूण... मोजता मोजता डोळा लागतो! आता कल्पना करा, साधारण तेवढ्याच लांबीचा रस्ता आणि मधे वस्त्या फक्त दोन!

असा रस्ता खरंच आहे, बरं का! दक्षिण ऑस्ट्रेलियातला 'ऊडनाडाटा ट्रॅक'. 'मरी' नावाच्या गावापासून (नाव ऐकून दचकू नका!) मार्लापर्यंत सुमारे ६२० किलोमीटर. मधे विल्यम क्रीक आणि ऊडनाडाटा. बाकी लाल माती, दगड आणि आभाळ. अशा निर्जन मुलखाला तिथे 'आउटबॅक' म्हणतात. जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, तुमचे काका आणि मी तंबू घेऊन या वाटेला लागलो.

मरीला एक मोठा फलक आहे. कुठला रस्ता चालू, कुठला बंद, ते त्यावर कळतं. पाऊस पडला की मातीचा नुसता चिखल होतो. बंद रस्त्यावर गाडी घातली तर जबर दंड! आमचा रस्ता चालू होता. आम्ही टाक्या भरल्या. पेट्रोल तर घेतलंच, पण पाणी किती घेतलं असेल? माणशी रोज १० लिटर धरून चार दिवसांचे वीस-वीस लिटरचे चार कॅन!

मरीत उंटवाल्यांची वस्ती होती. १८६६ च्या सुमारास कराचीहून शंभरावर उंट आणि त्यांना हाकणारी माणसं जहाजाने या देशात आली. तेव्हा कराची आपल्या मुंबई इलाख्यातच होतं, हं! ही माणसं अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाब अशा भागांतली. तिथले लोक मात्र सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत. त्यावरूनच पुढे इथल्या आगगाडीचं नाव पडलं 'घान'. ती जुनी रेल्वे १९८० मध्ये बंद झाली. तिची पडकी स्टेशनं वाटेत अजून दिसतात.

पण उंट, तारखांब, रेल्वे, सगळे याच वाटेने का गेले? कारण इथे पाणी आहे! जमिनीखाली खोल पाण्याचा प्रचंड साठा आहे आणि ते ठिकठिकाणी झऱ्यांच्या रूपाने वर येतं. 'बबलर' नावाचा झरा तर भात रटरटावा तसा बुडबुडत असतो. हजारो वर्षांपूर्वीपासून इथले आदिवासी एका झऱ्यावरून दुसऱ्या झऱ्याकडे जात. बाकीचे सगळे त्यांच्याच मागून गेले.

पहिली रात्र कावर्ड स्प्रिंग्जला काढली. रात्री आभाळ असं लखलखलं की काय सांगू! आपल्याकडे क्षितिजाजवळ जेमतेम दिसणारा त्रिशंकू इथे चांगला वर आला होता, आणि वृश्चिकाने तर डोक्यावरच नांगी उगारली होती!

खरी गंमत झाली दुसऱ्या दिवशी. रस्ता पन्हळी पत्र्यासारखा. गाडी खडखडत असताना 'फट्' आवाज झाला. टायर फाटला! दुसरं चाक होतं, पण शहरातल्या गॅरेजवाल्याने नट मशीनने इतके आवळले होते, की काका पान्यावर उभे राहिले तरी हलेनात. मोबाईलला रेंज नाही.

काका म्हणाले, "विल्यम क्रीक २५च किलोमीटर आहे. मी चालत जाऊन मदत आणतो."

"काही नको!" मी म्हटलं. "पाणी कुठे आहे? गाडीत. सावली कुठे आहे? गाडीची. लांबून काय दिसेल, तुम्ही की गाडी?"

काका चिडले. खरं सांगते, मलाही भीती वाटत होती. पण गाडी सोडून चालत निघालेली माणसं या मुलखात तहानेने गेलेली आहेत. आम्ही बॉनेट उघडं ठेवलं आणि सावलीत बसून राहिलो. एक तास गेला. दोन गेले. तिसऱ्या तासाला लांबवर धुळीचा लोट दिसला!

एक आजी-आजोबा होते. आजोबांनी तीन फुटी लोखंडी पाईप काढला, पान्याच्या दांड्यावर चढवला आणि वाकून जोर लावला. कर्रर्र! नट सुटला. तरफेचा नियम शाळेत शिकलात ना? दांडा लांब, तर जोर कमी लागतो. आम्हीही शिकलो होतो, पण आठवला मात्र आजोबांना!

निघताना आजी म्हणाल्या, "थांबलात, हे फार शहाणपणाचं केलंत." काका माझ्याकडे बघून हळूच हसले.

आता आमच्या गाडीत तसा पाईप कायम असतो. आणि तुम्ही? सह्याद्रीत कधी वाट चुकलात, तर एकट्याने सैरावैरा धावू नका. सगळे एकत्र राहा, पाणी जपून प्या आणि शोधणाऱ्याला दिसेल अशा जागी थांबा. थांबायलाही धीर लागतो, दोस्तांनो!